पाण्याकाठचा तास

मुळशी धरणाच्या पाण्यावर जो डोंगर उभा आहे, त्याच्या खांद्यावर धनगरांची सात घरं आहेत. त्यातल्या शेवटच्या घरात रूपाली मरगळे वाढली. वाडीवर तिची ओळख एकच होती. ही पोरगी उभ्या उभ्या कुठंतरी निघून जाते. डोक्यावर हंडा असायचा, डोळे खालच्या धुक्यात गुंतलेले असायचे, आणि हाक मारली की तिला परत यायला जरा वेळच लागायचा.

"रूपे, म्हशी कुटं गेल्या?" तिची आई, लिलाबाई, विचारायची.

"हितंच हायेत की, आये."

म्हशी एव्हाना पार खालच्या घळीत उतरलेल्या असायच्या.

खरं तर ती म्हशींकडेच बघत असायची. त्यांच्या सात म्हशी होत्या आणि ती मनातल्या मनात त्यांना ओळीत उभ्या करायची. दोन ओळी केल्या तर एक उरायची. तीन केल्या तरी एक उरायची. चार करायला गेलं तर एक कमी पडायची. मग एका थंडीत पारडू झालं, सातांच्या आठ झाल्या, आणि त्याबरोबर सगळ्या सारख्या ओळींत उभ्या राहायला लागल्या. दोन-दोन, चार-चार. तिला त्या दिवशी जो आनंद झाला तो कुणाला सांगायचा हे तिला कळेना. घरात पारडू झालं म्हणून सगळे खूश होते. आपणही त्याचसाठी खूश आहोत असं तिनं दाखवलं आणि वेळ निभावून नेली.

चौथीपर्यंत वस्तीवरची शाळा, पुढे सव्वा तास डोंगर उतरून खालच्या गावातली. बारावीनंतर पौडला राहून तिनं बीएस्सी केली, विषय गणित. वाडीवर बीएस्सी म्हणजे काय हे कुणाला धड माहीत नव्हतं, लिलाबाई विचारणाऱ्याला सांगायची, "हिशोबाचं शिकती." नंतर वर्षभर पिरंगुटला एका कारखान्यात रूपाली पॅकिंगच्या ओळीत उभी राहिली. समोरून खोकी सरकत यायची आणि तिला त्यांच्यात काहीतरी क्रम दिसायला लागायचा. पाचवं खोकं जरा तिरकं, मग अकरावं, मग सतरावं. पुढचं तिरकं कोणतं असेल याचा विचार करता करता तिच्या हातून तीन-चार खोकी तशीच पुढे जायची. वर्षअखेरीला सुपरवायझर तिला म्हणाला, "ताई, तुम्ही हुशार आहात, पण या कामाच्या नाही." तो रागानं बोलला नव्हता. तिलाही ते पटलं. त्याच उन्हाळ्यात तिनं बीएडची प्रवेश परीक्षा दिली आणि पुण्यातल्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली.

बीएडचं पहिलं वर्ष तिला स्वप्नासारखंच गेलं, म्हणजे थोडं मजेचं आणि थोडं घाबरवणारं. शिकवण्याचा सराव आधी आपल्याच वर्गातल्यांसमोर करायचा असतो. पाच मिनिटांचा पाठ, आणि समोर पंचवीस-तीस वर्षांचे बायका-पुरुष सातवीतली मुलं असल्यासारखे बाकांवर बसलेले. रूपाली फळ्यावर त्रिकोण काढायची, त्याच्या तिन्ही कोनांच्या दुभाजकरेषा काढायची, आणि त्या तिन्ही नेमक्या एकाच बिंदूत भेटल्या की तिथंच थांबायची. हजारदा बघितलं होतं तरी तिला ते दरवेळी नवलच वाटायचं. या तिघींना कुणी सांगितलं असेल, इथंच या म्हणून?

"मरगळे," मागून शैलेश सरांचा आवाज यायचा. गणिताची अध्यापन पद्धती ते शिकवायचे. उंच, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. "तुम्ही मध्येच कुठे जाता?"

"इथेच असते, सर."

"वर्ग तुमच्या मागे असतो. त्याच्याकडे बघा."

दुसऱ्या वर्षी तीन महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचं असतं. त्याला आंतरवासिता म्हणतात. रूपालीला जी शाळा मिळाली ती धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावातली. तिच्या वाडीवरून त्या शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, पण मध्ये पाणी होतं आणि रस्त्यानं सगळा वळसा घालून यायचं म्हटलं तर अर्धा दिवस जायचा. म्हणून तिनं गावातच रंभाबाईंच्या घरी खोली घेतली. रंभाबाईंनी शेताच्या कडेला चार खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवारी त्यात शहरातली माणसं येऊन राहायची आणि बाकीचे दिवस त्या रिकाम्या असायच्या. "तू आठवडाभर ऱ्हा पोरी," त्या म्हणाल्या. "घराला माणसाचा आवाज पायजे. शनवारी मातर माज्या खोलीत झोपायचं." रूपाली त्यांना काकू म्हणायला लागली.

तिच्याबरोबर त्याच शाळेत आणखी एक जण होती. रेश्मा, बावधनहून रोज स्कूटीनं यायची. तिचा फळा सुरेख, अक्षर मोत्यासारखं, आणि पाठाचं टाचण म्हणजे कुठल्या मिनिटाला काय बोलायचं याचा आराखडा इतका नीटनेटका की शैलेश सर तो इतरांना दाखवायचे.

डिसेंबरातल्या एका बुधवारी रूपालीचा पाठ बघायला शैलेश सर आले. वर्ग आठवीचा, विषय विस्तारसूत्रं. मागच्या बाकावर शैलेश सर बसले आणि त्यांच्या शेजारी शाळेच्या गणिताच्या शिक्षिका आशालता बाई. त्यांच्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं. पाठ बरा चालला होता. रूपालीनं फळ्यावर सूत्र सोडवत आणलं आणि म्हणाली, "आता वजा बी गुणिले वजा बी. किती येईल?"

"अधिक बी वर्ग," वर्गानं एका सुरात म्हटलं.

खिडकीशेजारी बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. तिचं नाव जुईली. पाण्याकाठच्या कातकरी वस्तीवरून यायची. आठवड्यातून चारच दिवस यायची, पण आली की डोळे फळ्यावरून हलायचे नाहीत.

"मॅडम, वजा आन् वजा अधिक का?"

रूपालीनं तोंड उघडलं. नियम आहे, एवढंच म्हणायचं होतं. आजवर तिला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं आणि तिनंही हजारो उदाहरणं त्याच नियमानं सोडवली होती. पण ते शब्द ओठांशी आले आणि तिला जाणवलं की हे आपण कधी पाहिलंच नाही. कोनदुभाजक भेटताना पाहिले, म्हशी ओळीत उभ्या राहिलेल्या पाहिल्या, पण हे नाही. ती तशीच उभी राहिली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. तिचा आवाज लांब जाऊन विरला.

"मला माहीत नाही, जुईली," ती शेवटी म्हणाली. "मी शोधते आणि तुला सांगते."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शिक्षक असं म्हणतात हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पुढची दहा मिनिटं रूपालीनं कसं शिकवलं हे तिला नंतर आठवलं नाही. शैलेश सरांनी निरीक्षण वहीत लिहिलं: विषयज्ञान अपुरे, पाठाचा ओघ तुटला. गाडीत बसताना ते म्हणाले, "प्रामाणिकपणा चांगला आहे, मरगळे. पण आधी तयारी हवी. विद्यार्थी काय विचारील हे शिक्षकानं आदल्या दिवशी विचारून बघायचं असतं." यात चूक काहीच नव्हतं, म्हणून तिला ते जास्त लागलं.

"नियम आहे म्हणून सांगायचं ना गं," रेश्मा स्कूटी सुरू करता करता म्हणाली. "एवढं कुठं खोलात जायचं?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आशालता बाईंनी तिला शिक्षकखोलीत बोलावलं आणि डब्यातली थालीपीठं तिच्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "एकतीस वर्षं शिकवतेय मी. काल रात्री झोपताना आठवायचा प्रयत्न केला, हा प्रश्न मला कुणी कधी विचारला का. विचारला असणार. मी गप्प बस म्हणाले असणार. नाव आठवत नाही, एवढंच."

रूपालीनं थालीपीठाचा तुकडा मोडला.

"तुला उत्तर सापडलं तर मलाही सांग," बाई म्हणाल्या आणि डबा बंद केला.

त्यानंतरचे चार-पाच दिवस रूपाली जेवताना, चालताना, मुलांच्या वह्या तपासताना त्या प्रश्नातच होती. पुस्तकांमध्ये उत्तर होतं. वितरणाचा गुणधर्म वापरून चार ओळींत सिद्ध करता येत होतं. ते तिला समजलं, ती खूशही झाली, पण जुईलीपुढे त्या चार ओळी मांडल्या तर तिचे डोळे कसे होतील हे तिला दिसत होतं. सकाळी शाळेआधी ती पाण्याकडे जायची. धुकं इतकं दाट असायचं की पाणी कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. मग हळूहळू ते वर उचललं जायचं आणि पलीकडचा डोंगर आधी पाण्यातच दिसायचा, उलटा. तिच्या वाडीची घरं पाण्यात खाली डोकं करून लटकलेली असायची. हा वजा डोंगर, ती मनात म्हणायची. याला परत उलटा केला तर सुलटा होईल. वजाचा वजा. किती वेळ ती ते बघत बसायची. पण वारा सुटला की डोंगर विस्कटून जायचा, आणि तिला वाटायचं, हे माझ्यापुरतं ठीक आहे. यात गुणाकार कुठं आहे? जुईली पहिल्यांदा हेच विचारील.

सोमवारी सकाळी तिला पाण्याकाठी जुईलीच भेटली. पायांत चप्पल नव्हती, हातात कोयती होती. काठापासून जरा आत पाण्यात एक जाड खुंटा रोवलेला होता. जुईली गुडघाभर पाण्यात उतरली, पाणी जिथं टेकलं होतं तिथं खुंट्यावर कोयतीनं एक खाच पाडली आणि परत आली.

"हे कशाला गं?" रूपालीनं विचारलं.

"पानी उतरतंय ना, मॅडम. बा होडी बांधतो. किती उतरतंय त्ये कळाया लागतं, न्हाईतर सकाळी होडी चिखलात बसती." तिनं बोटं दाखवली. "रोज चार बोटं. कधी पाच. दिवाळीपासून मीच खाच पाडती. खुंटा कोरडा पडला की बा पुडं नवा रोवतो."

रूपालीनं खुंट्याकडे बघितलं. पाण्याच्या वर खाचांची शिडी उभी होती. सगळ्यात खालची ओली, आजची. तिच्या वर चार बोटांवर कालची, तिच्या वर परवाची. वरच्या वाळून पांढऱ्या पडल्या होत्या. ती बघत राहिली. सूर्य वर आला, धुकं गेलं, शाळेची घंटा झाली, तरी ती तिथंच होती. जुईलीनं तिची ओढणी ओढली.

"मॅडम, शाळा."

"हो," रूपाली म्हणाली. "चल. तू आज सुट्टी घेऊ नकोस."

मुख्याध्यापकांची परवानगी आशालता बाईंनी काढली. कसला तास, कुठं, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "गणिताचा, पाण्याकाठी. मी बरोबर जातेय." त्यांचा आवाज असा होता की पुढं कुणी काही विचारलं नाही.

आठवीचा वर्ग रांगेनं उतारावरून खाली गेला. रूपालीच्या काखेत गुंडाळी फळा होता. तो तिनं एका झाडाच्या फांदीला टांगला. दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि सगळं कसं संथ, पेंगुळलेलं झालं होतं. पलीकडे कुणी तरी भात झोडपत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून उशिरा पोचत होता.

"आज पाणी जिथं आहे तिथं शून्य," रूपाली म्हणाली. "रोज ते काय करतं?"

"चार बोटं उतरतं," जुईली म्हणाली.

"उतरतं हे कसं लिहायचं?"

"वजा चार," दोघं-तिघं म्हणाले.

"आणखी तीन दिवसांनी पाणी कुठं असेल?"

"बारा बोटं खाली. वजा बारा."

तिनं फळ्यावर लिहिलं: वजा चार गुणिले तीन, वजा बारा. मग ती वळली आणि खडू हातात धरून तशीच थांबली. यावेळी ती कुठं गेली नव्हती. समोरच्या एकेका चेहऱ्याकडे बघत होती.

"आता मागं जाऊ. तीन दिवसांपूर्वी पाणी कुठं होतं?"

जुईली उठली, पाण्यात उतरली आणि खुंट्यावरच्या एका खाचेवर बोट ठेवलं. "हितं व्हतं. बारा बोटं वर."

"वर म्हणजे?"

"अधिक बारा."

"आणि मागचे तीन दिवस? पुढचे तीन दिवस आपण नुसते तीन लिहिले. मागचे कसे लिहायचे?"

एकानं पुढं आणि मागं हात करून बघितला. शेवटी मागं उभ्या असलेल्या एका मुलीनं हळूच म्हटलं, "वजा तीन?"

रूपालीनं फळ्यावर लिहिलं: वजा चार गुणिले वजा तीन. बरोबरचं चिन्ह काढलं आणि खडू खाली ठेवला. पुढचं तिनं लिहिलं नाही. जुईली अजून पाण्यातच उभी होती, खाचेवर बोट ठेवून. ती फळ्याकडे बघत होती, मग खाचेकडे, मग पुन्हा फळ्याकडे.

"मग त्यो नियम न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "तसं हायेच."

आशालता बाई एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. चढणीला लागल्यावर त्या रूपालीजवळून चालल्या, पण बोलल्या ते वेगळंच. "ही पोरगी जे दोन दिवस येत नाही ना, त्या दिवशीचं तिला मी संध्याकाळी शिकवत जाईन. तू गेल्यावरसुद्धा."

कॉलेजात दर आठवड्याला अनुभवांची वही द्यावी लागायची. त्यात रूपालीनं हा तास लिहिला, खुंट्याच्या चित्रासकट. शैलेश सरांनी लाल पेनानं शेरा मारला: टाचणात नोंद नाही, पुढील वेळी कॉलेजला आधी कळवावे. वही परत देताना त्यांनी ती जरा धरून ठेवली.

"आणि पाणी चढायला लागलं की? तेव्हा हे कसं शिकवाल?"

रूपालीनं विचार केला. "तेव्हा रोजचं अधिक होईल, सर, आणि मागचे दिवस वजा. म्हणजे मागं पाणी खाली होतं. पण खाचा बुडालेल्या असतील. मुलांना डोळे मिटून बघायला लागेल."

"हं," सर म्हणाले. त्यांनी वही सोडली. महिन्याभरानं त्यांनी तिचा दुसरा पाठ बघितला तेव्हा गुण बरे दिले, फार नाही. फळ्यावरच्या तिच्या ओळी अजूनही वर चढत जात होत्या, आणि त्याचे त्यांनी कापले.

बीएड झालं. शिक्षक पात्रता परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. कायमची भरती कधी होईल याची ती अजून वाट बघतेय; तिच्यासारखे कितीतरी जण बघतायत. आशालता बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची जागा रिकामीच राहिली, आणि त्यांनीच पुढं होऊन शाळेला सांगितलं की भरती होईपर्यंत रूपालीला तासिका तत्त्वावर घ्या. तेव्हापासून ती तिथं आहे. आठवडाभर रंभाबाईंकडे राहते. मुलं तिला कधी काय विचारतील याचा नेम नसतो, आणि आता ती ते आदल्या दिवशी स्वतःला विचारून बघते. तरी निम्मे प्रश्न निसटतातच. जुईली यंदा दहावीत आहे. बीजगणितात बरी, भूमितीत भांडखोर. सिद्धतेतली प्रत्येक पायरी तिला का म्हणून हवी असते. सुटीत ती आशालता बाईंच्या घरी जाऊन राहून येते.

या जानेवारीत एका दुपारी लिलाबाई खाली उतरली. पाहुण्यांच्या लग्नाला निघाली होती, वाटेत शाळा लागली म्हणून आत आली, असं ती म्हणाली. पण लग्नाचं गाव दुसऱ्या दिशेला होतं. तास चालू होता. रूपालीनं तिला मागच्या बाकावर बसवलं. मुलांनी सरकून जागा केली. लिलाबाईनं डब्याची पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि फळ्याकडे बघत बसली. तिचं सगळं आयुष्य डोंगरावर गेलेलं, बाकावर ती पहिल्यांदाच बसत होती.

तास संपल्यावर दोघी गाडीरस्त्यापर्यंत चालत गेल्या. ऊन कलतं होतं, दोन्हीकडे गवत पिवळं पडून वाऱ्यावर हलत होतं.

"काय कळलं का, आये?"

"न्हाई." लिलाबाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पन तू सारखी त्यांनाच इचारतीस. तुला येतंय तर सांगून का टाकत न्हाईस?"

"सांगितलं की ऱ्हात न्हाई त्यांच्याजवळ."

"व्हय?" लिलाबाईला ते पटलं की नाही कळलं नाही. "ती पुडच्या बाकावरची, लाल रिबीनवाली. तिनं उत्तर दिलं तवा तू लई हसलीस. घरी कवा अशी हसत न्हाईस."

वळणावर जीप दिसली. लिलाबाईनं हात केला, पिशवीतला दह्याचा डबा लेकीच्या हातात दिला आणि जीपमध्ये चढता चढता म्हणाली, "रंभाबाईला बी दे त्यातलं. आन् झाकण घट लाव, सांडंल."

जीप धूळ उडवत गेली. रूपाली डबा दोन्ही हातांत धरून शाळेकडे वळली. शेवटचा तास नववीचा होता आणि आज त्यांना वर्तुळ शिकवायचं होतं.